इब्न खल्दून: राज्यं का ढासळतात आणि नवं कुठून उभं राहतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इब्न खल्दूनचं नाव आपल्याकडे बहुतेकांना ‘समाजशास्त्राचा जनक’ या एका ओळीत भेटतं आणि तिथेच संपतं. त्याने नेमकं काय मांडलं, कुठल्या अनुभवातून मांडलं आणि त्यातलं आज काय टिकतं, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती दोन ओळींत आटोपली तर विचारातला जीवच निघून जातो.

इब्न खल्दून कोण होता?

अब्दुर्रहमान इब्न खल्दून १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मला. घराणं मूळचं दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतचं, पण अनेक पिढ्या स्पेनमधल्या सेव्हिल शहरात वजन राखून होतं. १२४८ मध्ये सेव्हिल कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाच्या हाती पडलं. त्याच्या थोडं आधीच हे लोक समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले होते. एका मोठ्या शहरातलं बस्तान गमावलेल्या कुटुंबात तो वाढला, हे लक्षात ठेवून त्याला वाचलं पाहिजे.

१३४८-४९ च्या प्लेगमध्ये त्याचे आई-वडील आणि बरेचसे गुरू गेले. विशीच्या सुमारास तो ट्युनिसच्या दरबारात नोकरीला लागला. काम होतं सुलतानाच्या फर्मानांवर शाही मथळा लिहिण्याचं. तिथून पुढची पंचवीसेक वर्षं फेझ, ग्रॅनडा, बिजाया, त्लेमसेन अशी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेली. कारस्थानं त्याने पाहिली आणि काहींत तो स्वतःही होता. फेझमध्ये १३५७ पासून जवळजवळ दोन वर्षं त्याने तुरुंगात काढली. १३६४ मध्ये ग्रॅनडाच्या सुलतानाचा वकील म्हणून तो सेव्हिलला गेला, तेव्हा कॅस्टिलच्या पेद्रो राजाने ‘इथेच राहा, पूर्वजांची मालमत्ता परत देतो’ असं सांगितलं. त्याने नकार दिला.

आयुष्याची शेवटची चोवीस वर्षं इजिप्तमध्ये गेली. कैरोमध्ये तो इस्लामी कायद्याच्या मालिकी पंथाचा मुख्य काझी झाला. त्याला अनेकदा पदावरून काढलं गेलं आणि पुन्हा नेमलं गेलं. १३८४ मध्ये त्याचं कुटुंब ट्युनिसहून निघालं आणि अलेक्झांड्रियाजवळ जहाज बुडून दगावलं. तो स्वतः १४०६ मध्ये कैरोत वारला.

‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ कसा लिहिला गेला?

१३७५ मध्ये तो राजकारणाला विटला आणि आजच्या अल्जेरियातल्या कलअत इब्न सलामा नावाच्या गढीत जाऊन राहिला. जवळपास चार वर्षं तो तिथे होता. आश्रय एका टोळीप्रमुखाच्या घराण्याचा होता. लिहायला घेतला होता जगाचा इतिहास. त्याची प्रस्तावना लिहिताना विषय हाताबाहेर वाढत गेला आणि १३७७ मध्ये पाच महिन्यांत पहिला खर्डा पुरा झाला. तोच ‘मुकद्दिमा’.

प्रस्तावना वाढली याचं कारण एक साधा प्रश्न होता: जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलेलं खरं कशावरून? मोझेसच्या सैन्यात सहा लाख माणसं होती, असं सगळे लिहीत आले होते. इब्न खल्दून विचारतो, एवढं सैन्य रणांगणावर उभं कसं करणार? एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार कसं? इस्रायलींपेक्षा कितीतरी मोठं राज्य असलेल्या इराण्यांनीही एवढी फौज कधी उभी केली नव्हती. बातमी सांगणारा सज्जन आहे का, एवढं पाहून त्याचं समाधान होत नाही. अशी गोष्ट मुळात घडू शकते का, हे तो आधी तपासतो. आणि ते तपासायचं तर माणसांचा समाज कसा चालतो याचे नियम माहीत हवेत. ते नियम शोधण्यासाठी पुढचा सगळा खटाटोप आहे.

‘असबिय्या’ म्हणजे काय?

आपल्या माणसावर हात पडला की विचार न करता धावून जाण्याची जी ओढ असते, ती असबिय्या. तिचा पाया बहुधा रक्ताच्या नात्यात असतो, पण नातं एवढीच ती गोष्ट नाही. आश्रित, मानलेले संबंध, पिढ्यान्‌पिढ्यांची सोबत यांतूनही ती तयार होते, असं तो स्पष्ट लिहितो. नातं कागदावर राहिलं आणि जगणं एकत्र नसलं, तर त्या नात्यातून काही निष्पन्न होत नाही.

वाळवंटात किंवा डोंगरात राहणाऱ्यांमध्ये ही ओढ जास्त असते, कारण तिथे कोट नाही, पहारा नाही, कोतवाल नाही. आपलं रक्षण आपणच करायचं. शहरातल्या माणसाने ते काम तटबंदीवर आणि शिपायांवर सोपवलेलं असतं. भटक्यांना तो थोर ठरवत नाही आणि शहरवासीयांना पापीही म्हणत नाही. माणूस सवयींचा बनलेला असतो, हा त्याचा मुद्दा आहे. परिस्थिती सवयी घडवते आणि सवयी स्वभाव होऊन बसतात.

एवढी घट्ट माणसं सत्ता मिळाल्यावर सैल का पडतात?

सगळ्या ग्रंथाचा गाभा इथे आहे. कबिल्याच्या जोरावर एक घराणं गादीवर येतं. पहिला राज्यकर्ता आपल्या भाऊबंदांना विचारून कारभार करतो, कारण त्यांच्याशिवाय तो कुणीच नसतो. पण सत्तेचा स्वभाव असा की तिला वाटेकरी सोसत नाही. हळूहळू राजा मान एकट्याकडे ओढून घेतो आणि ज्यांनी त्याला चढवलं त्या चुलत्या-पुतण्यांचीच त्याला भीती वाटू लागते. तो त्यांना दूर सारतो, मारतो, पैशाने बांधतो. त्यांच्या जागी आणतो पगारी शिपाई, आश्रित आणि गुलाम. ही माणसं राजाशी एकनिष्ठ दिसतात, पण त्यांची निष्ठा पगाराइतकीच असते. सत्ता टिकवण्यासाठी राजा जे करतो त्यानेच सत्तेचा पाया पोखरला जातो.

दुसरीकडे सुखसोयी वाढतात. यात नैतिक उपदेश कमी आणि हिशेब जास्त आहे. नवी पिढी जन्मते तीच रेशमी गाद्यांवर. तिच्या लेखी कालचा थाट म्हणजे आजची गरज. खर्च वाढतो, पगार पुरत नाहीत, शिपायांची संख्या घटवावी लागते, मग सीमा उघड्या पडतात.

घराण्याचा लौकिक चार पिढ्यांत कसा संपतो, याचं त्याने केलेलं वर्णन तर कुठल्याही वाड्याला लावून बघावं असं आहे. पहिला माणूस लौकिक कमावतो, त्यासाठी काय काय सोसावं लागलं ते त्याला माहीत असतं. मुलाने बापाला ते करताना पाहिलेलं असतं, म्हणून तोही जपतो, पण ऐकून शिकलेला माणूस केलेल्या माणसाइतका पक्का नसतो. नातू नुसती रीत पाळतो. पणतूला वाटतं, हा मान आपल्या जन्मातच आहे, तो मिळवावा लागला नव्हता. ज्यांच्या पाठिंब्यावर हे सगळं उभं आहे त्यांना तो तुच्छ लेखू लागतो आणि ते दुसरं घराणं शोधतात. चार हा आकडा बहुधा येणारा आहे, कमी-जास्त होऊ शकतो, हेही तो लगेच सांगून टाकतो.

राज्याचं आयुष्य १२० वर्षं, हे गणित खरं मानायचं का?

शब्दशः मानू नये. चाळीस वर्षांची एक पिढी, अशा तीन पिढ्या, असा तो हिशेब आहे. इस्रायली लोक चाळीस वर्षं रानात भटकले, तेवढ्या काळात गुलामीत वाढलेली पिढी संपून मोकळ्यावर वाढलेली आली, यावरून त्याने चाळीस हा आकडा धरला. उत्तर आफ्रिकेतल्या अल्मोराविद आणि अल्मोहाद घराण्यांना तो ढोबळमानाने लागू पडतो. अब्बासी खिलाफत बगदादमध्ये ७६२ पासून १२५८ पर्यंत उभी होती, पण तिची खरी सत्ता फार आधी इतरांच्या हातात गेली होती. माझ्या मते या आकड्याकडे वाचकांचं नको तेवढं लक्ष जातं. आकडा काढून टाकला तरी कारणांची साखळी शाबूत राहते.

करांबद्दल तो काय म्हणतो?

‘मुकद्दिमा’तला सर्वांत टवटवीत भाग हाच, असं मला मनापासून वाटतं. त्याचं म्हणणं असं: राज्याच्या सुरुवातीला कराचा दर कमी असतो आणि वसुली जास्त होते. अखेरीला दर जास्त असतो आणि वसुली कमी होते.

सुरुवातीला दरबाराच्या गरजा थोड्या असतात. धर्माने सांगितलेले ठरावीक करच घेतले जातात. हाती काही उरतं म्हणून लोक जमीन कसतात, दुकान टाकतात, धंदा वाढवतात. धंदे वाढले की कर देणारे वाढतात. पुढे दरबाराचा खर्च वाढतो आणि दर चढत जातो, पण इतका सावकाश की कुणी वाढवला ते लोकांना सांगता येत नाही. शहराच्या वेशीवर जकात बसते, बाजारातल्या मालावर पट्टी बसते. एक दिवस शेतकरी आणि व्यापारी आपला खर्च आणि आपली मिळकत समोरासमोर मांडतात आणि हात आखडता घेतात. वसुली घटते. दरबाराला वाटतं दर कमी पडला, म्हणून तो आणखी चढवतो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे राजा स्वतः व्यापारात उतरतो. त्याच्यापुढे बोली लावायची हिंमत कुणाला नसते. तो माल पडत्या भावात घेतो आणि व्यापाऱ्यांच्या गळ्यात चढ्या भावात मारतो. त्यांचं भांडवल त्या मालात अडकून पडतं आणि राजाने जेवढं कमावलं त्याच्या कितीतरी पट कर बुडतो. फुकट राबवून घेणं, म्हणजे वेठ, हा तर त्याच्या मते सर्वांत मोठ्या जुलमांपैकी एक. कष्टकऱ्याजवळ विकायला श्रमाखेरीज काही नसतं आणि तेच त्याच्याकडून लुटलं जातं.

इथे तो जुन्या इराणी राजाची एक गोष्ट उद्धृत करतो. बहराम राजाने घुबडाचा आवाज ऐकला आणि आपल्या धर्मगुरूला अर्थ विचारला. धर्मगुरू म्हणाला, घुबड मादीला मागणी घालतंय. ती म्हणतेय, बहरामच्या राज्यात उजाड झालेली वीस गावं दिलीस तर लग्न करीन. नर म्हणतो, हा राजा असाच राहिला तर वीस काय, हजार देतो. राजा समजायचं ते समजला.

अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये करकपातीच्या समर्थनार्थ इब्न खल्दूनचा दाखला दिला होता. ते वाचन अर्धंच आहे. राज्य हीच सर्वांत मोठी बाजारपेठ, सुलतानाने पैसा तिजोरीत दाबून ठेवला तर बाजार सुकतात, हेही त्याच माणसाने त्याच ग्रंथात लिहिलं आहे.

राजघराणं बुडालं की संस्कृतीही बुडते का?

दोन्ही एकदम बुडतातच असं नाही. शहराची वस्ती वाढली की कामांची वाटणी होते. पोटापुरतं भागल्यावर उरलेल्या श्रमातून कारागिरी आणि विद्या वाढतात. वस्ती ओसरली की त्याही ओसरतात. एके काळी विद्येची केंद्रं असलेली कैरवान आणि कॉर्डोबा ही शहरं ओस पडली, तेव्हा तिथली अध्यापनाची परंपराही तुटली, असं तो नोंदवतो.

पण जिथे शहरी जीवन फार काळ मुरलेलं असतं तिथे कारागिरी चटकन जात नाही. कापडात मुरलेल्या रंगासारखी ती राहते. दाखला अंदलुसचा, म्हणजे मुसलमानी सत्तेखालच्या स्पेनचा. मुलूख आक्रसला, सत्ता क्षीण झाली, तरी बांधकाम, गाणंबजावणं, स्वयंपाक, विणकाम यांतलं कसब तिथल्या लोकांत टिकून होतं. उलट नव्याने भरभराटलेल्या शहरात पैसा असूनही ते कसब नसतं. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण नव्याने उभारी घ्यायची तर सामग्री याच साठ्यातून मिळते.

एक धक्का मात्र त्याच्या डोळ्यांदेखत असा आला की त्यात सगळंच हललं. तो म्हणजे प्लेग. त्याबद्दल लिहिताना त्याची भाषा बदलते. शहरं आणि इमारती ओसाड झाल्या, रस्ते आणि खुणा पुसल्या गेल्या, घरं रिकामी पडली. जणू विश्वाच्या वाणीने जगाला विस्मृतीत जायला सांगितलं आणि जगाने ते ऐकलं. अशा वेळी जगाची नव्याने नोंद करणारा कुणीतरी हवा, हेच तो आपल्या लेखनाचं कारण म्हणून देतो.

या सगळ्यात धर्माला काय स्थान आहे?

धर्म आणि असबिय्या एकत्र आले की ताकद अनेक पटींनी वाढते. आपसातली स्पर्धा थांबते, सगळ्यांचं तोंड एका दिशेला होतं. १२व्या शतकात इब्न तूमर्तने ॲटलास पर्वतातल्या मस्मूदा टोळ्यांना असंच एकत्र आणलं आणि त्यातून अल्मोहाद साम्राज्य उभं राहिलं. पण पाठीशी माणसं नसताना नुसत्या धर्माच्या हाकेवर सत्तेला आव्हान देणारे हकनाक मरतात, असं तो परखडपणे लिहितो. हेतू शुद्ध असला तरी निकाल बदलत नाही. स्वतः काझी आणि श्रद्धावान असलेल्या माणसाने हे लिहिलं आहे.

हरलेले लोक जिंकणाऱ्यांची नक्कल का करतात?

कारण पराभवाचं खरं कारण त्यांना दिसत नाही. जिंकणारा सर्वगुणसंपन्न आहे म्हणून जिंकला, असं वाटून ते त्याचा पोशाख, स्वारी, चालीरीती उचलतात. अंदलुसचे मुसलमान शेजारच्या ख्रिस्ती लोकांसारखे कपडे घालू लागले, घराच्या भिंतींवर चित्रं काढू लागले, हे पाहून त्याने हा पराभवाच्या वाटेवरचा टप्पा म्हणून नोंदवला. वसाहतकाळ भोगलेल्या कुठल्याही देशातल्या वाचकाला इथे थांबावं लागतं.

मग नवी उभारी कुठून येते? की नुसतीच घसरण?

म्हातारपण आलेल्या राज्याला तरुण करता येत नाही, असं त्याचं मत आहे. सुधारू पाहणाऱ्या राजाला सवयींची भिंत आडवी येते. बापाने रेशीम आणि सोनं घातलं, मुलगा जाडंभरडं नेसून लोकांत मिसळला तर लोक त्याला वेडा म्हणतील. शेवटच्या काळात कधी कधी एकदम जोर आल्यासारखा वाटतो, पण विझणारा दिवा मोठा होतो तसंच ते, असा त्याने दिलेला दाखला आहे.

उभारी येते ती बाहेरून. काठावर राहिलेल्या, अजून एकजूट न गमावलेल्या लोकांकडून. ते येतात, जुन्या शहरांची कारागिरी, कायदा आणि विद्या उचलतात, काही काळ सगळं भरास येतं आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं.

याला एक विलक्षण अपवाद त्याला इजिप्तमध्ये दिसला. मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद संपवलं आणि १२६० मध्ये ऐन जालूत इथे त्यांना अडवलं ते मम्लूकांनी. मम्लूक म्हणजे काळ्या समुद्रापलीकडच्या गवताळ मुलखातून मुलं विकत आणून, शिकवून तयार केलेले लढवय्ये. गादीला आलेलं म्हातारपण टाळण्यासाठी दर पिढीला नवी, काटक, सुखाची चटक न लागलेली माणसं बाहेरून आणायची, अशी ही व्यवस्था होती. इस्लामी जगाचा अडकलेला श्वास या माणसांमुळे पुन्हा सुरू झाला, ही ईश्वराची कृपा, असं इब्न खल्दून आपल्या इतिहासात लिहितो. गुलामीच्या बाजारावर उभी असलेली ही व्यवस्था आपल्याला खुपते आणि खुपलीच पाहिजे. पण बाहेरचं ताजेपण आत आणण्याचा मार्ग शोधला तर चक्र लांबवता येतं, हे त्याला दिसलं होतं एवढं नक्की.

त्याच्यानंतर कुणी हा विचार पुढे नेला का?

दोन टप्पे सांगतो. पहिला ऑटोमन. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहात ऑटोमन साम्राज्याने मोठा मुलूख गमावला. त्यानंतर नाइमा या दरबारी इतिहासकाराने इब्न खल्दूनची अवस्थांची मांडणी वापरली, पण निष्कर्ष वेगळा काढला. रोग ओळखला तर उपचार करता येतो. लढाया थांबवा, खर्च आटोक्यात आणा, सैन्याची घडी बसवा, मग पुन्हा बघू. इब्न खल्दूनने बंद केलेलं दार त्याने किलकिलं केलं.

दुसरा टप्पा मालिक बेन्नबी. १९०५ मध्ये अल्जेरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात जन्मलेले बेन्नबी पॅरिसला जाऊन विद्युत अभियांत्रिकी शिकले. १८३० पासून फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या देशातल्या माणसाला ऱ्हासाचा प्रश्न पुस्तकी नव्हता. त्यांनी राजघराण्याऐवजी संपूर्ण संस्कृती हा अभ्यासाचा घटक धरला. माणूस, माती आणि वेळ हे संस्कृतीचे तीन घटक, आणि त्यांना एकत्र आणणारी शक्ती म्हणजे धर्मश्रद्धा. संस्कृती आधी आत्म्याच्या, मग बुद्धीच्या आणि अखेरीस नुसत्या वासनेच्या जोरावर चालते, अशा तीन अवस्था त्यांनी सांगितल्या. अल्मोहाद सत्ता १२६९ मध्ये संपल्यानंतरचा मुसलमान तिसऱ्या अवस्थेत अडकला, असं त्यांचं निदान होतं.

त्यांचा सर्वांत वादग्रस्त विचार म्हणजे, वसाहत होण्याआधी समाज वसाहत होण्याजोगा झालेला असतो. फ्रेंचांचा जुलूम ते नाकारत नव्हते, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडून आपण आतल्या पोकळीकडे पाहत नाही, असं ते आपल्याच लोकांना सांगत होते. दुसऱ्या संस्कृतीच्या वस्तू विकत घेऊन संस्कृती उभी राहत नाही, हेही त्यांचंच. जपान पाश्चात्त्यांकडे विद्यार्थी म्हणून गेला आणि आपण गिऱ्हाईक म्हणून, हा त्यांचा दाखला. आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या १९५५ च्या बांडुंग परिषदेने ते भारावले होते आणि गांधींबद्दल त्यांना मोठा आदर होता. १९७३ मध्ये अल्जियर्समध्ये ते वारले. इब्न खल्दूनने ‘का पडतं’ हे सांगितलं, बेन्नबींनी ‘उठायचं कसं’ हे विचारलं. दोघांना एकत्र वाचावं, हा माझा आग्रह आहे.

तैमूरशी त्याची भेट खरंच झाली होती का?

झाली होती, आणि तिचं वर्णन त्याने आत्मचरित्रात सविस्तर केलं आहे. जानेवारी १४०१. तैमूरचा दमास्कसला वेढा पडला होता. इजिप्तचा तरुण सुलतान कैरोत बंडाची कुणकुण लागताच फौज घेऊन परतला होता आणि इब्न खल्दून शहरात अडकला होता. तेव्हा त्याचं वय अडुसष्ट. वेशीवर गोंधळ होता, म्हणून तो दोरांच्या साहाय्याने तटावरून खाली उतरला आणि तैमूरच्या तंबूत गेला. दुभाषामार्फत बोलणं झालं. तैमूरने उत्तर आफ्रिकेची खडान्‌खडा माहिती विचारली, वर ‘लिहून दे’ म्हणाला. त्याने लिहून दिली. भेट म्हणून कुराणाची प्रत, नमाजाचं आसन, ‘बुर्दा’ या काव्याची प्रत आणि इजिप्तच्या मिठाईचे चार डबे दिले. तैमूरने त्याची खेचर विकत मागितली. तीही दिली.

त्याने तैमूरची स्तुती केली, हे खरं. असबिय्येचा आपला सिद्धांतही त्याला ऐकवला. काही माणसांसाठी अभय मिळवलं, पण दमास्कस लुटलं आणि जाळलं गेलंच. पुढे कैरोत परतल्यावर त्याने मगरिबच्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, सुलतानाला पत्र लिहून तैमूरची माहिती कळवली.

भारताबद्दल त्याने काही लिहिलं आहे का?

थोडंच, पण आपल्याला जवळचं. देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तिथे हलवणारा मुहम्मद बिन तुघलक ‘मुकद्दिमा’त येतो, तो इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाच्या तोंडून. इब्न बतूता मोरोक्कोत परतल्यावर सांगू लागला की हा राजा मोहिमेवर निघताना दिल्लीच्या रहिवाशांना सहा महिन्यांचा शिधा देतो आणि परत आला की यंत्रांनी गर्दीत नाण्यांच्या थैल्या फेकतो. फेझच्या दरबारात लोक कुजबुजू लागले, हा थापा मारतोय. तरुण इब्न खल्दूनलाही तसंच वाटलं. त्याने वजीर फारिसला बोलून दाखवलं. वजीर म्हणाला, स्वतः पाहिलं नाही म्हणून खोटं ठरवू नकोस, आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका वजिराचा मुलगा बापाबरोबर तुरुंगातच वाढला. जेवणात मांस आलं की विचारायचा, हे कशाचं? बाप मेंढीचं वर्णन करायचा. पोराने तुरुंगात उंदरांखेरीज प्राणी पाहिला नव्हता, म्हणून तो विचारायचा, म्हणजे उंदरासारखी का?

इब्न बतूताने दौलताबादच्या किल्ल्यातल्या तुरुंगातल्या, मांजरांनाही न आवरणाऱ्या प्रचंड उंदरांचं वर्णन केलं आहे. हा निव्वळ योगायोग, पण ‘मुकद्दिमा’तला तो परिच्छेद वाचताना तो किल्ला पाहिलेल्या माणसाला आठवतोच.

हा सिद्धांत मराठेशाहीला लागू पडतो का?

मोह होतो. डोंगरी मुलूख, काटक माणसं, १६७४ चा राज्याभिषेक, मग विस्तार, १७६१ चं पानिपत आणि १८१८ चा शेवट. पण हा सिद्धांत उत्तर आफ्रिकेतल्या टोळ्यांच्या जगातून आला आहे. वतनं, देशमुखी, गावगाडा, सरंजाम यांवर चाललेल्या समाजाला तो तसाच चढवला तर घोळ होतो. सरंजामी सरदार आणि मध्यवर्ती सत्ता यांतला ताण किंवा कर्जात बुडालेला पुणे दरबार समजून घ्यायला त्याचे प्रश्न उपयोगी पडतील. त्याची उत्तरं मात्र आयती उचलू नयेत.

त्याच्या विचारात दोष नाहीत का?

आहेत आणि ते लपवू नयेत. हवामानावरून माणसांचे स्वभाव ठरवताना त्याने आफ्रिकेतल्या काळ्या लोकांबद्दल अत्यंत हीन शेरे मारले आहेत. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या लोकांबद्दलही. त्याच ठिकाणी, काळा रंग हा शापाचा परिणाम आहे ही जुनी समजूत त्याने खोडून काढली आहे, पण त्याने आधीचे शेरे धुतले जात नाहीत. स्त्रिया त्याच्या चित्रात जवळपास नाहीतच. दुबळ्यांची उपमा द्यायची असली की तेवढ्यापुरत्या येतात. समुद्रावरचा व्यापार किंवा टोळ्यांच्या पाठबळाविना उभ्या राहणाऱ्या सत्ता त्याच्या चौकटीत नीट बसत नाहीत.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

फ्रान्झ रोझेन्थाल यांचं १९५८ चं तीन खंडांतलं इंग्रजी भाषांतर प्रमाण मानलं जातं. त्याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते आणि पहिल्या वाचनाला ती पुरे. ग्रंथाची सहा प्रकरणं आहेत: मानवी समाज, भटकं जीवन, राजसत्ता, शहरं, उपजीविका आणि विद्या. पहिल्या प्रकरणातला भूगोल कंटाळवाणा वाटला तर सोडून द्या. प्रस्तावनेतली बखरकारांची झाडाझडती आधी वाचा, मग थेट तिसऱ्या प्रकरणातले कर, व्यापार करणारा राजा आणि जुलूम यांवरचे छोटे छोटे भाग घ्या. ते पाच-सहा पानांत संपणारे आहेत आणि एकापुढे एक लागून येतात. त्यानंतर दुसरं प्रकरण वाचलंत तर असबिय्या जास्त स्पष्ट कळते. सहाव्या प्रकरणात मुलांना मारून शिकवू नये, माराने मूल खोटं बोलायला शिकतं, असं सांगणारा एक भाग आहे. शिक्षकांनी तो आधी वाचला तरी हरकत नाही.